मदत हवी आहे: कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइली एडिटरमध्ये घेतल्यावर आवाज येत नाही, आणि दोन फाइलींच्या सांध्यावर शब्द गळतो

नमस्कार. गेले चार दिवस याच कामात अडकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०११ मध्ये आम्ही आजीला समोर बसवून तिच्या लहानपणच्या गोष्टी कॅमकॉर्डरवर रेकॉर्ड केल्या होत्या. सलग बैठक, साधारण पन्नास मिनिटांची, कॅमेरा मध्ये कुठेही थांबवला नव्हता. आजी आता नाही. तिचं बोलणं एवढंच एक आमच्याकडे आहे. आम्हा भावंडांसाठी त्याचा नीट बांधलेला व्हिडिओ करायचा आहे: सुरुवातीला जुने फोटो, मध्ये नावं, बाकी तिचं बोलणं जसंच्या तसं.

रेकॉर्डिंग एव्हीसीएचडीमध्ये (कॅमकॉर्डरची एचडी रेकॉर्डिंगची पद्धत) आहे. फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये पाहिलं तर व्हिडिओ एच.२६४, १९२० बाय १०८०, इंटरलेस्ड, २५ फ्रेम, बिटरेट सुमारे १७ मेगाबिट. ऑडिओ एसी-३ (डॉल्बीचा ऑडिओ प्रकार), दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ. कार्डावर ०००१२ ते ०००१५ अशा चार एमटीएस फाइली होत्या. पहिल्या तीन जवळपास २ जीबीच्या, शेवटची लहान.

अडचणी तीन आहेत.

लॅपटॉपवरच्या घरगुती एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाइमलाइनवर येते, चित्र दिसतं, पण ऑडिओचा पट्टाच येत नाही. तीच फाइल व्हीएलसीमध्ये आवाजासकट व्यवस्थित चालते, म्हणजे फाइल खराब नाही हे नक्की.

दुसरी अडचण मला सगळ्यात जास्त छळते आहे. एका मोफत कन्व्हर्टरमधून चारही फाइली एमपी४ केल्या आणि एकापुढे एक लावल्या. आवाज आला. पण पहिली फाइल संपून दुसरी सुरू होते तिथे आजी सायकल शिकल्याची गोष्ट सांगते आहे. तिला वाटत होतं की तिचा दादा मागून सीट धरून पळतो आहे. ती म्हणते, "मी मागे वळून बघ", मग एक बारीकसा खट्ट, आणि थेट "कुठेच नाही!" आणि हसायला लागते. मधले दोन-तीन शब्द गेले. सगळी गोष्ट ज्या क्षणासाठी सांगितली, नेमका तोच क्षण तुटला आहे.

तिसरी अडचण म्हणजे तिने हात हलवला की बोटांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. कन्व्हर्ट केलेल्या फाइलीत त्या रेघा धूसर होऊन आणखी वाईट दिसतात.

आतापर्यंत काय केलं: एक्स्टेन्शन एमटीएसचं एमपी४ करून पाहिलं, काही फरक नाही. वेगवेगळे कोडेक पॅक (जास्त प्रकारच्या फाइली उघडाव्यात म्हणून टाकायचे प्रोग्राम) टाकायचा सल्ला मिळाला होता, पण लॅपटॉप बिघडेल म्हणून टाकले नाहीत. आणि एक चूक कबूल करते. तेव्हा कार्डावरून मी फक्त 'स्ट्रीम' फोल्डरमधल्या फाइली उचलल्या. 'क्लिपइन्फ' आणि 'प्लेलिस्ट' हे फोल्डर मागेच राहिले आणि कार्ड नंतर फॉरमॅट झालं.

ते शब्द परत मिळतील का? की ते रेकॉर्डच झाले नसतील?

प्रतिसाद १

शब्द बहुतेक जागेवरच आहेत, घाबरू नका.

तुमच्या कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं, फक्त २ जीबी झाले की नवी फाइल उघडली. तेव्हाची कार्डं बहुतेक फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असायची आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. बरेच कॅमेरे त्याआधीच, २ जीबीला, तोडतात. १७ मेगाबिटने २ जीबी म्हणजे साधारण सोळा-सतरा मिनिटं, तुमच्या आकड्यांशी जुळतंय. हे तोडणं मात्र वाक्य किंवा फ्रेम बघून होत नाही. एका फ्रेमचा अर्धा डेटा या फाइलीत आणि अर्धा पुढच्या फाइलीत जाऊ शकतो. प्रत्येक फाइल वेगळी कन्व्हर्ट केली की कन्व्हर्टर दोन्ही टोकांचे हे अर्धवट तुकडे टाकून देतो. तुमचे शब्द तिथे गेले.

म्हणून क्रम उलटा करा: आधी जोडणी, मग कन्व्हर्जन. मूळ एमटीएस फाइली बाइटला बाइट लावून जोडायच्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'कॉपी' या आज्ञेला 'स्लॅश बी' लावून फाइलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की झालं. क्रम चुकवू नका आणि 'स्लॅश बी' विसरू नका. जोडलेली फाइल ६-७ जीबीची होईल, ती एनटीएफएस (एवढी मोठी फाइल मावणाऱ्या) पद्धतीच्या डिस्कवरच ठेवा. मागे राहिलेल्या फोल्डरांमध्ये कुठला तुकडा कोणाला जोडायचा याची नोंद असते. इथे क्रम तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे फार बिघडलं नाही.

आवाजाचं कारण एसी-३. बरीच घरगुती सॉफ्टवेअरं तो ऑडिओ उघडतच नाहीत. नाव बदलून आतला ऑडिओ बदलत नसतो. जोडलेली फाइल एफएफएमपेगमध्ये (आज्ञा टाइप करून चालवायचा मोफत कन्व्हर्टर) घ्या, व्हिडिओसाठी 'कॉपी' आणि ऑडिओसाठी 'एएसी' (बहुतेक सॉफ्टवेअरं उघडतात तो ऑडिओ प्रकार) सांगा, बाहेर एमपी४ काढा. चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे त्याचा दर्जा तसूभरही उतरत नाही, आणि काम काही मिनिटांत होतं.

प्रतिसाद २

रेघांबद्दल. इंटरलेस्ड २५ फ्रेम म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, प्रत्येकात ५४० ओळी, एकआड एक. दोन फील्डमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं, तेवढ्यात हात सरकतो आणि दोन्ही एकत्र दाखवले की कंगवा दिसतो. डीइंटरलेस न करता, म्हणजे फील्ड वेगळे करून पूर्ण फ्रेम न बनवता, चित्र लहान केलं की त्या रेघा चित्रात मुरतात, मग त्या काढणं जवळपास अशक्य. तुमच्या कन्व्हर्टरने तेच केलेलं दिसतंय. त्या फाइली बाजूला ठेवा.

हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये डीइंटरलेसखाली 'बॉब' निवडा आणि फ्रेम रेट ५० ठेवा. प्रत्येक फील्डमागे एक पूर्ण फ्रेम मिळते आणि हालचाल मूळइतकी सहज राहते. २५ वर नेलंत तर अर्धी हालचाल जाते, माणूस किंचित अडखळत हलल्यासारखा वाटतो. पण सगळ्यात आधी मूळ चार फाइलींची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच बाकीचं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आधी प्रत काढली, मग जोडणी केली. पहिल्या वेळी क्रमात ०००१४ आधी टाकली गेली, पुन्हा केली. एफएफएमपेगने एमपी४ काढल्यावर आवाजाचा पट्टा टाइमलाइनवर आला.

सांध्याची जागा हेडफोन लावून ऐकली. "मी मागे वळून बघते तर दादा कुठेच नाही!" अख्खं वाक्य आहे. मध्ये ती श्वास घेते तोही ऐकू येतो. भावाला लगेच फोनवर ऐकवलं.

आता 'बॉब' लावून एका मिनिटाचा तुकडा काढून पाहिला, बोटं स्वच्छ दिसतात. फक्त ५० फ्रेमची फाइल टाइमलाइनवर अडखळत चालते, लॅपटॉप जुना आहे. प्रॉक्सी फाइली (मूळच्या हलक्या, कमी दर्जाच्या प्रती) करून एडिट केलं तर शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलीवरूनच होतं ना?

प्रतिसाद १

हो, प्रॉक्सी फक्त काम करताना दिसायला. एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइलच घेतं. तरी एक्सपोर्टच्या खिडकीत 'प्रॉक्सी वापरा' अशी खूण असेल तर ती काढलेली आहे ना, बघून घ्या. प्रोजेक्टचा फ्रेम रेटही ५० च ठेवा.