आण्णांचा कॉम्प्युटर बोंबलतो: आवाज न करणारं स्वस्त ग्राफिक्स कार्ड कुठलं?

मंडळी, नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी आण्णांनी जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडलाय. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टीव्ही मात्र नवा, ४के. आवाज असा की आई म्हणते, "पिठाची गिरणी आणून ठेवलीय घरात." डिसेंबरात जातोय. फॅन नसलेलं कार्ड टाकलं तर गप्प बसेल का? बजेट पाच-सहा हजार. दुकानदार जीटी ७१० घ्या म्हणतोय. आण्णांचं वेगळंच: "प्रभातचे जुने सिनेमे लावले की गुमान चालतो, नातवाचे व्हिडिओ लावले की बोंबलतो."

– राजारामपुरीकर, सध्या मेलबर्न

उत्तर:

भावा, आण्णांनी निदान करून ठेवलंय की! तू नुसतं ऐकून सोडून दिलंस.

नातवाचे व्हिडिओ तू आयफोनवर काढतोस आणि मूळ फाइल ड्राइव्हवर टाकतोस, बरोबर? २०१७ पासूनचे आयफोन ते एचईव्हीसीत, म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत साठवतात. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ ही त्याआधीची पद्धत उलगडायची सोय चिपमध्येच आहे, एचईव्हीसीची नाही. जुन्या सिनेमांच्या फायली बहुतेक एच.२६४, म्हणून मशीन निवांत. तुझा ४के व्हिडिओ आला की सगळा हिशेब प्रोसेसरच्या डोक्यावर. तो तापतो आणि त्याचा फॅन सुटतो. तेव्हा कार्ड घ्यायचं ते प्रोसेसरचं ओझं उतरवायला. बिनफॅनचं असणं ही पुढची गोष्ट.

म्हणूनच ७१० नको. फॅन नाही हे खरं, पण एचईव्हीसी त्यालाही उलगडत नाही आणि ४के टीव्हीवर सेकंदाला ३० फ्रेमच्या पुढे जात नाही. पैसे जातील, गिरणी राहील.

जीटी १०३० बघ. हेही जुनंच, २०१७ चं, पण दहा बिटचं (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी आणि यूट्यूब वापरतं ती व्हीपी९ पद्धत दोन्ही चिपमध्येच उलगडतं, एचडीएमआय २.० असल्याने ४के सेकंदाला ६० फ्रेमला चालतं. ३० वॅट खातं, तेही मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच, त्यामुळे एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलायला नको. बिनफॅनची मॉडेल्स दोन-तीन कंपन्यांची आहेत. मेमरी डीडीआर४ आहे की जीडीडीआर५ ते खोक्यावर वाच. सिनेमाला फारसा फरक नाही, पण डीडीआर४ वालं खेळांना बरंच मंद आहे, किमतीत फारसा फरक नसेल तर ते कशाला? एव्ही१ ही नवी पद्धत मात्र उलगडत नाही. आण्णांच्या वापराला मी त्यासाठी अडून बसणार नाही.

आता माझी फजिती. शाहूपुरीतल्या घरी मी असंच बिनफॅनचं कार्ड लावलं आणि कॅबिनेट शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड ठेवलं. वर आईचा क्रोशाचा रुमाल, नेमका जाळीवर. मे महिन्यात हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, बोट लावलं तर चटका बसला. कार्डाला स्वतःचा फॅन नसला तरी हलती हवा लागतेच. मग मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक फॅन बसवला, बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमधून, अगदी हळू केला. मोठं पातं सावकाश फिरलं की ऐकूही येत नाही.

आणि आधी प्रोसेसरचा हीटसिंक उघडा. आमच्याकडे देव्हारा शेजारीच. उदबत्तीची काजळी आणि धूळ मिळून पट्ट्यांमध्ये नमदा झाला होता, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी. निम्मा आवाज तिथेच गेला.

– शाहूपुरीकर

उत्तर:

दादा, आधी फुकटातलं करून बघा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, तिथे फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' करा. पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये निघतील. फायली मोठ्या होतात आणि ४के ६० मिळत नाही, पण आजोबांना ३० फ्रेम पुष्कळ. आधीच पाठवलेल्यांना अर्थात याचा उपयोग नाही.

कार्ड घ्यायचंच तर कोल्हापुरातच घ्या, मेलबर्नहून नेलेल्याची वॉरंटी तिकडे चालेलच असं नाही. आणि कॅबिनेट बुटकं असेल तर सोबत कार्ड मागे अडकवायची छोटी पट्टी येते का विचारा. आमच्या दिरांनी ती न बघता आणलं आणि कार्ड आठवडाभर टेबलावर पडून होतं.

– मंगळवार पेठेची सून

उत्तर:

सगळ्यांचे आभार. शाहूपुरीकर, देव्हाऱ्याचं तुम्हाला कसं कळलं? आमचाही शेजारीच! भाच्याने रविवारी कॅबिनेट उघडलं, ब्रशने मूठभर काजळी काढली, पेस्ट नवी लावली. मी फोनचं सेटिंग बदलून पोराचा पोहतानाचा व्हिडिओ पाठवला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १५ टक्क्यांच्या वर गेला नाही म्हणे. १०३० तरीही घेणार, कारण मागच्या तीन वर्षांचे व्हिडिओ आई रोज लावते.

आण्णांचा फोन आला होता. म्हणाले, "गिरणी थांबली बघ. आता आवाज झ्याक येतोय, पण पोरगं इंग्लिशमधनं काय बोलतंय तेच कळंना."

– राजारामपुरीकर