मराठवाडी बोली आधी कुणी गाजवली?

मकरंद अनासपुरे आणि संदीप पाठक या आपल्या मराठवाड्याच्या दोन नटांचे चाहते इथं जे भांडतायत, त्यात "आपली बोली मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांपुढं पहिल्यांदा मकरंदनंच नेली" हे वाक्य दोनतीनदा आलंय. मकरंद मलाही जीव की प्राण आहे, पण हे 'पहिल्यांदा' मान्य नाही. त्याच्या कितीतरी आधी प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' गावोगावी नेलं होतं. एकटा माणूस, ५२ पात्रं! पाठकांनी पुढं तेच रंगमंचावर उभं केलं. म्हणजे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला कमी लेखताना मूळ माणूसच विसरायला झालंय. आणि नावामुळं कित्येकांना ते नाटक विदर्भातलं वाटतं. त्यातलं वऱ्हाड लग्नाचं आहे, बोली आपली आहे.

आमच्याकडं परभणीला त्याची कॅसेट होती, ऐकून ऐकून टेप घासली होती. लग्नाच्या आदल्या रात्री पाहुणे अंगणात सतरंजीवर बसायचे अन् आजी म्हणायची, "लाव रे ते." बाईचा आवाज आला की ती पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. "आपल्या शेजारचीच बोलायली की गं!" रेडिओवर, शाळेत आपलं बोलणं 'अशुद्ध' म्हणून ऐकलेली बाई ती. तिला त्या रात्री काय मिळत होतं, ते मला आत्ता कळतंय. मकरंदचं कौतुक जरूर करा, पण देशपांडे सरांचं नाव आधी घ्या.