मदत हवी आहे : मुलासाठी दार उघडायचं की नाही?

वैतागलेला_बाप
मुलगा व्यसनात बुडालाय. समजावलं, मारलं, देवासमोर शपथ घालून झाली. शेवटी घराचं कुलूप बदललं. आता त्याची आई रडतेय, रात्री तो आला तर ती हमखास उघडणार. ज्यांनी मुलाला असं बाहेर ठेवलंय त्यांनीच लिहा : किती दिवसांत ताळ्यावर येतात? प्रवचनं नकोत.

मृण्मयी_न
काका, वय काय? दारू की दुसरं काही?

वैतागलेला_बाप
वयाचा काय संबंध? २२. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे फी भरलीय.

सडाफटिंग
उत्तम केलंत. आमच्या भावाला आईनं पाठीशी घातलं, उधाऱ्या फेडल्या, तो पीत राहिला. आई गेल्यावर फेडणारं कोणी उरलं नाही तेव्हा मुकाट मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेला. ३५ दिवस राहून आला, आज ठणठणीत. पैसा बंद, दार बंद. वहिनींना महिनाभर माहेरी पाठवा.

मृण्मयी_न
त्यांना कशाला पाठवायचं? आणि पैसा बंद वेगळं, दार बंद वेगळं. आम्ही धाकट्या भावाला सांगितलं होतं, जेवण आणि अंथरूण मिळेल, रोख पैसे आणि गाडी मिळणार नाही. एवढं पाळतानाही घरात रोज भांडणं.

गावरान_मेवा
मी तंबाखू लवंग चघळून सोडली. मनाचा निश्चय पाहिजे हो!

वैतागलेला_बाप
तंबाखू नाही, दारूही नाही. गोळ्या. इथं संभाजीनगरात बटन म्हणतात.

रात्रपाळी
पाकिटावर नाव काय? रोज किती? शेवटची कधी घेतली?

वैतागलेला_बाप
अल्प्राझोलाम, घबराट-झोपेची गोळी. किती ते मला सांगून घेतो काय? गेल्या आठवड्यात खोलीत कोंडला होता. हात थरथर, घामाघूम, रात्रभर जागा. आई समोर आली की नाटक जास्त. मग गॅलरीतून शेजारच्या गच्चीवर उतरून पळाला.

रात्रपाळी
ते नाटक नव्हतं. ही गोळी भरपूर दिवस घेऊन एकदम तोडली की अशीच थरथर होते, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवतात, त्याला आठवडे लागतात. पुन्हा कोंडू नका.

सडाफटिंग
म्हणजे आता बापानंच गोळ्या आणून द्यायच्या? वा!

रात्रपाळी
असं कुठं लिहिलंय? डॉक्टर देतील, मोजून, आणि पाकीट घरच्यांच्या ताब्यात राहील. तुमच्या भावाची दारू होती. तीही एकदम तोडली तर फिट येते, म्हणूनच केंद्रात डॉक्टर असतात.

वैद्यबुवा_७
चहातून नकळत द्यायची पावडर आहे, रुग्णाला पत्ता लागत नाही. व्यनि (खाजगी निरोप) करा.

मृण्मयी_न
संपादक, हे उडवा. न सांगता औषध चारणं म्हणजे विषाशी खेळ.

सातबारा
घर स्वकष्टार्जित असेल तर मुलाचा हक्क नाही. आजच पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करा.

वैतागलेला_बाप
घर भाड्याचं आहे. मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगताय! पोलिसांत दिला तर? दोन रात्री आत काढल्या की अक्कल येईल.

रात्रपाळी
कोठडीत फिट आली तर? स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये खटल्यापासून काही संरक्षण आहे, ते आधी वापरा. तो नाहीच म्हणाला आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ८९ आहे. जवळच्या नातेवाइकाच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ लागतो. आत्ता बोलायला कोणी हवं असेल तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा.

सडाफटिंग
कायदे सांगा. पोरगा आहे कुठं ते कोणी विचारलं का?

वैतागलेला_बाप
मित्राच्या खोलीवर. आईला फोन केला होता त्यानं, मला आत्ता कळलं. ती डबा भरतेय. घाटी सरकारी रुग्णालयाची ओपीडी किती वाजता बंद होते?

रात्रपाळी
ओपीडीची वाट बघू नका, अपघात विभाग रात्रीही चालू असतो. वाटेत फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ लावा. पाकीट सोबत घ्या.