भावाला न सांगता चहातून दारू सोडवायची पावडर द्यावी का?

नंदगडची_ताई

लिहावं की नको करत शेवटी लिहितेय. माझा धाकटा भाऊ, वय ३४, खानापूर तालुक्यात गावाकडंच असतो, थोडी शेती आणि लोकांच्या रानात ट्रॅक्टर मारतो. आधी संध्याकाळचंच घ्यायचा, आता सकाळी उठल्या उठल्या दारूचं नाइन्टीचं (९० मिलीचं) पाकीट फोडल्याशिवाय हात थांबत नाहीत. परवा आईनं चहा दिला तर बशी नुसती खडखडालती, कप तसाच खाली ठेवला आणि बाहेर गेला, अर्ध्या तासानं आला ते एकदम सरळ, त्याच हातानं ट्रॅक्टरचा नट आवळत बसला. दिवसाला दोन क्वार्टर तरी हाय, चोर्ल्याकडनं गोव्याचा माल आला की मग हिशोबच नाही.

आता आईनं संतेतनं, म्हणजे आठवडी बाजारातनं, दारू सोडवायची पावडर आणलीय. वर्तमानपत्राच्या पुडीत, तपकिरी, नाव नाही गाव नाही. चिमूटभर चहातून द्या, कळत नाही, थोड्या दिवसांत दारूचा वास आला तरी ओकेल असं त्या माणसानं सांगितलं म्हणे. आणि चुलते म्हणतात औषध बिवषध काही नको, चार दिवस खोलीत घालून कडी लावा. डॉक्टरचं नाव काढलं की हा उसळतो, मी काय वेडा हाय काय म्हणतो. भावजय दोन पोरं घेऊन माहेरी जायच्या बेतात हाय. सांगा की कुणीतरी, देऊ का पावडर?

मेडिकलवाला_अण्णा

ताई, नको. आधी ती पुडी आईच्या हातातनं काढून घ्या.

त्यात काय हाय ते विकणाऱ्याला ठाऊक. पण "दारू घेतली की ओकेल" असं सांगून जे काही खपवतात त्यामागं डोक्यात एकच औषध असतंय, डायसल्फिराम. खरं औषध हाय ते, १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या दोघा संशोधकांना योगायोगानं सापडलं, जंतावर चालतंय का म्हणून स्वतःच गोळ्या खाऊन बघत होते आणि वर जरा दारू घेतली तर हालत खराब झाली. दारू शरीरात मोडताना आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं, ते पुढं मोडणारं एन्झाइम ही गोळी बंद पाडते. मग तोंड लालभडक, छाती धडधड, ओकाऱ्या, बीपी धाडकन खाली. ज्याला माहीत हाय की मी गोळी घेतलीय तो दारूला हात लावताना दहादा विचार करतो, औषधाचं काम तेवढंच हाय, भीतीचं. न सांगता दिली तर भीती कुठली? तो बिचारा नेहमीसारखी क्वार्टर मारणार आणि रस्त्यात पडणार, ट्रॅक्टरवर असला तर बघायलाच नको. हार्टचा त्रास असेल तर जीवावरच येतंय. गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून दुकानात बायका येऊन "बारीक करून द्या, आमटीत घालते" म्हणाल्या की मी परत पाठवतो, मग शिव्या खातो ते वेगळं.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्डला काम करते. चुलत्यांच्या कडीबद्दल बोलते, कारण मला पावडरीपेक्षा त्याची जास्त भीती वाटते.

सकाळी हात थरथरालेत आणि घेतलं की थांबतात, याचा अर्थ मेंदूला दारूची सवय लागलीय. असा माणूस एकदम बंद केला तर पहिल्या सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण तिसऱ्या चौथ्या दिवशी, म्हणजे घरचे म्हणतात आता सुटलं बघा तेव्हाच, काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतं. आमच्याकडं असे पेशंट येतात, चादरीवरच्या मुंग्या वेचत बसलेले असतात, एकही मुंगी नसते. मेलेल्या वडलांशी बोलतात, सलाइन उपटतात, ताप, नाडी पळालेली. लोकांना वाटतं बाहेरची बाधा झाली आणि आधी देवऋष्याकडं नेतात आणि मग आमच्याकडं. वेळेत उपचार नाही मिळाले तर माणूस जातो यात, अतिशयोक्ती करत नाही. प्रत्येकाला होतंच असं नाही, पण भावाला आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का ते नक्की विचारा, तसं असलं तर धोका जास्त.

दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइड नायतर लोराझेपाम, म्हणजे मेंदू शांत करणारी औषधं, देऊन रोज डोस कमी करत नेतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं. आणि थायमिन, म्हणजे बी-वन. हे नीट वाचा. गावात दारू उतरवायला म्हणून ग्लुकोजची सलाइन लावायची पद्धत हाय. ज्याच्या अंगात बी-वन संपलंय त्याला नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे फिरतात, तोल जातो, पुढं स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून बी-वन आधी द्यायचं, नायतर निदान ग्लुकोजबरोबरच. कुणी सलाइन लावत असेल तर विचारायला लाजू नका.

माळकरी_शहापूर

राम कृष्ण हरी. एवढ्या गोळ्यांची नावं वाचूनच डोकं गरगरलं. आमच्या आळीत पक्का पिणारा होता, पंढरपूरला जाऊन माळ घातली, आज कीर्तनात टाळ धरतोय. मन पाहिजे ताई. सौंदत्तीला यल्लम्माची आण घेऊन सोडलेले पण हाईत.

रात्रपाळी

माऊली माळेला माझा विरोध नाही, माझे वडीलच वारकरी. माळ घालून सुटलेला आपल्याला दिसतो कारण तो टाळ धरून समोर उभा असतो. माळ घालून तिसऱ्या दिवशी फिट आलेला मला दिसतो. आधी आठवडाभर डॉक्टर, मग पंढरपूर, असं करूया की.

घाटाखालचा

मी गोव्यात नोकरीला, मूळ जांबोटीचा. अभ्यासाचं विचारलं नाही तरी सांगतो कारण हा शेजारीच झालाय. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली, संगत नावाच्या संस्थेची, २०१७ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आली. डॉक्टर नाही, मानसशास्त्राची डिग्री नाही, अशा साध्या शिकवून तयार केलेल्या लोकांनी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचं. तीन महिन्यांनी बघितलं तर आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के, आणि ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात १८ टक्के. नुसत्या बोलण्यानं! पण ताई, त्यात तुमच्या भावासारखे घेतलेच नव्हते, सकाळी पाकीट लागणारे आधीच वेगळे काढलेले. म्हणजे जो अजून शनिवार-रविवारवरनं रोजच्यावर घसरालाय त्याच्यासाठी ते सोनं हाय, तुमच्याकडं आधी औषध मग बोलणं.

औषधांचं पण खरं सांगायचं तर जादू नाही. २०२३ ला जामा या अमेरिकेतल्या डॉक्टरी नियतकालिकात ११८ चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला, नाल्ट्रेक्सोन, म्हणजे दारूची किक लागू न देणारी गोळी, ५० मिलिग्राम ११ जणांना दिली तर त्यातला एक जास्तीचा माणूस परत बेसुमार पिण्यापासून वाचतो. अकॅम्प्रोसेट या दुसऱ्या गोळीचं पण ११ च, फक्त तिथं मोजमाप वेगळं, परत एकही घोट न घेणं. कुणाला हे कमी वाटेल, मला नाही वाटत, कारण आपल्याकडं देणारंच कोण हाय? २०१९ च्या एम्सच्या देशभरच्या सर्वेत दारूचं व्यसन लागलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता.

ते वजन कमी करायचं इंजेक्शन सेमाग्लुटाइड, त्याच्यावर पण दारूसाठी २०२५ ला अमेरिकेत छोटी चाचणी आलीय, ४८ माणसं, नऊ आठवडे, तलफ आणि प्यायचं प्रमाण दोन्ही कमी दिसलं. आत्ता ते विसरा, एवढ्यावरनं कोण देणार नाही.

आणि दोन क्वार्टर म्हणजे किती ते बघा. एका क्वार्टरमध्ये (१८० मिली) जवळपास ६० ग्राम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे दिवसाला १२० च्या पुढं. डब्ल्यूएचओ तर २०२३ पासून सांगतंय की सुरक्षित असं प्रमाणच नाही, पहिल्या थेंबापासून कॅन्सरचा धोका. लिव्हर अजून नुसतं फॅटी, म्हणजे चरबी साठलेलं, असेल तर बंद केल्यावर काही आठवड्यांत बरंच सुधारतं, सिरॉसिस झाला, म्हणजे लिव्हर कडक पडलं की मागं फिरणं अवघड. ३४ वय म्हणजे अजून वेळ हाय.

सोडलेला_गडी

ताई, तुमच्या भावाच्या जागी मी होतो, निपाणीकडचा. मला घरच्यांनी आधी एका खाजगी केंद्रात टाकलं, फोन नाही, भेट नाही, चूक झाली की पट्टा. बाहेर आलो त्याच संध्याकाळी प्यालो, रागानं. म्हणून सांगतो, जिथं घरच्यांना भेटू देत नाहीत, सायकॅट्रिस्ट रोज येत नाही, तिथं पैसे भरू नका.

नंतर धारवाडला डिमहान्स या मानसिक आजारांच्या दवाखान्यात गेलो, सरकारी हाय, खर्च फार नाही. कन्नड येत नाही म्हणून आधी बिचकलो, पण डॉक्टर मोडक्या हिंदीत बोलला, बहिणीला शेजारी बसवून घेतलं, काम झालं. तिथनं नाल्ट्रेक्सोन दिली. त्यानं ओकारी वगैरे काही येत नाही, घेतली तरी किक लागत नाही, एवढंच. चिडचिड होते राव, पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. मध्ये गणपतीत एकदा घसरलो, डॉक्टरला वाटलं होतं त्यापेक्षा कमी ओरडला, गोळी चालू ठेव म्हणाला.

भाऊ येत नाही ना, तर दारूचं नावच काढू नका. "हात थरथरालेत, झोप नाही, ते दाखवून येऊ" म्हणा. त्याला स्वतःला त्याच गोष्टीचा त्रास होत असतो, दारूचा नाही. आणि दुपारी बोला, सकाळी पाकिटाआधी नाही, रात्री तर अजिबात नाही.

नंदगडची_ताई

पुडी आईकडनं घेतली, रुसून बसलीय. फिटचं विचारलं तर भावजय म्हणाली गेल्या पावसाळ्यात एकदा गोठ्यात पडून हातपाय झाडले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. हात थरथरण्याचं बोलले तर चक्क सोमवारी येतो म्हणाला. बेळगावात सिव्हिलला नेऊ की सरळ धारवाड? आणि सोमवारपर्यंत प्यायला द्यायची का, हे विचारायला कसंतरीच वाटतंय.

रात्रपाळी

फिट येऊन गेलीय म्हणजे घरात बंद करायचा विषयच संपला. बेळगावात सिव्हिलला सायकॅट्रीची ओपीडी हाय, तिथंच आधी दाखवा, अॅडमिट करूनच काढा म्हणून सांगा, धारवाडचं ते ठरवतील. फिट आलेली गोष्ट पहिल्या वाक्यात सांगायची, विचारायची वाट बघू नका. सोमवारपर्यंत आपण होऊन एकदम तोडू नका, आहे तेवढीच असू दे, वाढू देऊ नका, ट्रॅक्टरची चावी मात्र काढून घ्या. पोटात दोन घास जाऊ देत. मध्ये फिट आली, बडबडायला लागला, ताप चढला तर सोमवार बघायचा नाही, १०८ ला फोन करून सरळ कॅज्युअल्टी. काही सुचलं नाही तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट हाय, भाषा निवडता येते.

मेडिकलवाला_अण्णा

आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घाला. पुडीपण घेऊन जा, आईनं आधी एखादी चिमूट दिली नाही ना ते गोडीत विचारून घ्या, डॉक्टरला कळायला पाहिजे.