गेमच्या आतली नजर
ॲपलने ट्रॅकिंगसाठी परवानगी सक्तीची केल्यापासून गेममधल्या नेमक्या, म्हणजे आपल्या सवयी हेरून दाखवलेल्या, जाहिराती संपल्यात जमा आहेत, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १४.५ हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा बंद झालं ते परवानगीशिवाय दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपमधून आपला माग काढणं. आपण कुठल्या लेव्हलला अडकतो, किती वाजता खेळतो, एक जीव मिळवायला ३० सेकंदांची जाहिरात बघतो का, हे त्या गेमला दिसतंच. पुढचा धंदा याच माहितीवर चालेल.

मला खरी काळजी मुलांची वाटते. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण घरोघरी मूल खेळतं ते आईच्या फोनवर, आईच्याच खात्यावरून. तिथे त्याचं वय कळणार कसं?