गावच्या नदीत पोकलेन उतरवण्यापूर्वी काय करावे?

प्रश्न

नमस्कार. आमचे गाव कृष्णेच्या एका लहान उपनदीच्या काठी आहे. माझ्या लहानपणी ही नदी होळीपर्यंत वाहती असे. आता दिवाळी सरली की धार तुटते आणि ठिकठिकाणी डबकी तेवढी उरतात. वरच्या अंगाला अनेक वर्षे वाळूचा उपसा झाला, बाजारपेठेचे सांडपाणी स्मशानभूमीजवळच्या ओढ्यातून थेट पात्रात येते आणि तिथून खाली सगळी जलपर्णी माजली आहे. यंदा प्रथमच ग्रामपंचायत, तरुण मंडळ, महिला बचत गट आणि तालुक्यातील एक कारखाना नदीसाठी एकत्र आले आहेत. कारखाना पोकलेन आणि डिझेल देणार असून दीड किलोमीटर पात्राचे खोलीकरण-रुंदीकरण करावे, असा सर्वांचा कल आहे. ज्या डोहात माझे वडील पोहायला शिकले, तो डोह आणि त्यावर वाकलेली वाळुंजाची जुनी झाडे या आखणीत जाणार आहेत, म्हणून माझे मन तयार होत नाही. पण विरोध केला तर मोठ्या कष्टाने जमलेली माणसे पांगतील, अशीही भीती वाटते. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १

आपली शंका रास्त आहे. मी भोई समाजातला आहे आणि आमच्या तीन पिढ्या नदीवर जगल्या, म्हणून माशांच्या बाजूने लिहितो.

नदीचे पात्र सगळीकडे सारखे खोल नसते आणि तसे नसावेच. उथळ, गोट्यांच्या भागात पाणी खळाळते, तिथे त्यात हवा मिसळते. डोहात ते उन्हाळाभर गार राहते आणि मासळीचे बियाणे तिथेच तग धरते. पहिल्या पावसाला चढणीचे मासे वर निघतात, त्यांना अंडी घालण्यासाठी वाळू-खडी आणि काठचे बुडालेले गवत लागते. शेजारच्या गावी पाच वर्षांपूर्वी देणगीतून मिळालेल्या यंत्राने पात्र सरळ, उभ्या कडांचे आणि एकसारख्या खोलीचे केले गेले. पहिल्या वर्षी पाणी दिसले, सत्कारही झाले. दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही कडा ढासळल्या आणि तीच माती पात्रात येऊन बसली. पूर्वी आम्हाला तिथे मळ्या, वांब, मरळ मिळत असे, आता जाळ्यात बहुतेक चिलापी ही बाहेरून आलेली जातच येते. वाळू ही पाणी धरून ठेवणारी आणि गाळून देणारी गादी आहे. ती काढून खालचा काळा कातळ उघडा केला, तर साठलेले पाणी दिसते खरे, पण नदी वाहती होत नाही.

आपल्या गावातील मासेमारी करणाऱ्यांना बैठकीला बोलावले आहे का? नसेल, तर ते आधी करा. कोणत्या महिन्यात कोणत्या डोहात काय असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

उत्तर २

मी पुण्यात राहतो. भूगावच्या बाजूने येणारी रामनदी बावधन, पाषाण, बाणेर ओलांडून औंधजवळ मुळेला मिळते. ‘जीवितनदी’ या संस्थेने ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ ही कल्पना मांडून नागरिकांना काठाच्या लहान लहान पट्ट्यांची जबाबदारी घ्यायला सांगितले. मुळा-राम संगम हा त्यांपैकीच एक. मी तिथे काही रविवार काम केले आहे. उंबराच्या मुळांत अडकलेली साडी ओढून निघत नाही, ती कोयत्याने तुकड्यातुकड्याने कापावी लागते आणि प्रत्येक तुकड्याबरोबर काळा, कुजका गाळ हातावर येतो. एका झाडाला सकाळ जाते. पण त्याच झाडावर पुढच्या खेपेला खंड्या बसलेला दिसला की पुढच्या रविवारी पुन्हा यावेसे वाटते.

तरीही स्पष्ट सांगतो की, सांडपाणी अडवल्याशिवाय हे सारे अपुरे आहे आणि ते काम स्वयंसेवकांचे नसून स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे. जलपर्णी माजते ती सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर. मूळ तसेच ठेवून ती दरवर्षी उपसणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आपल्या ओढ्यावर आधी गाळ बसण्यासाठी कुंड, त्यापुढे खडी आणि कर्दळीचे वाफे अशी साधी रचना गावपातळीवर होऊ शकते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. त्यातील काही शिल्लक आहे का, हे ग्रामसेवकांना विचारून पाहा.

पोकलेनबाबत एक सुचवतो. ते परत पाठवू नका, गावच्या जुन्या पाझर तलावावर न्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना २०१७ पासून आहे. तलावाचा गाळ शेतकऱ्यांना हवाच असतो, कारखान्याच्या मदतीचे चीज होते आणि मंडळी पांगत नाहीत.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. फक्त माणसांच्या करारावर अधिक बोलायला हवे, असे वाटते. राजस्थानातील अलवर जिल्ह्यातली अरवरी नदी राजेंद्र सिंह यांच्या तरुण भारत संघाच्या साथीने गावकऱ्यांनी पुन्हा वाहती केली, हे आपण ऐकले असेल. तेथे १९८० च्या दशकापासून काम झाले ते मुख्यतः पाणलोटात: डोंगरउतारावर जोहड म्हणजे मातीचे बांध घालून पाणी मुरवले गेले आणि विहिरींना पाणी वाढले, मग नदीला धार आली. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे पाऊल. नदीत मासे दिसू लागताच १९९६ मध्ये मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला देण्यात आला, तेव्हा गावे एक होऊन उभी राहिली आणि ठेका रद्द करावा लागला. त्यातूनच नदी कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९९९ मध्ये सुमारे ७० गावांची अरवरी संसद उभी राहिली. ऊस आणि भात यांसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असा नियम या संसदेने सर्वानुमते केला. त्यामागे कायद्याचे बळ नाही, एकमेकांची भीड आणि शब्द आहे.

आपल्याकडे उसाचे नाव काढले की बैठक मोडते, हे मी जाणतो. तरी नदीवर पाणी उपसणाऱ्या मोटारी किती आहेत आणि त्या कोणत्या महिन्यापर्यंत चालतात, एवढी मोजणी आपण करू शकता. मोजणीला कोणी हरकत घेत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ग्रामसभेत मी हे सारे मांडले. पोकलेन पाझर तलावावर नेण्यास कारखान्याने मान्यता दिली. त्या दीड किलोमीटरमधले दोन्ही डोह आणि वाळुंजाची रांग चुन्याने आखून ‘येथे यंत्र नको’ असा ठराव लिहिला गेला. तो लिहिण्याआधी डोहांची जुनी नावे भोईवाड्यातील एका आजींनी सांगितली, त्यांतील एक नाव तर आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. सांडपाण्याच्या ओढ्याचा आराखडा पुढच्या महिन्यात येईल.

मोटारींच्या मोजणीला मात्र हरकत आली, आणि पहिली आली ती माझ्या थोरल्या भावाकडून. नदीवर आमच्याही दोन मोटारी आहेत. रविवारी आम्ही उगमाकडे चालत निघणार आहोत. भावानेही बरोबर यावे म्हणून आज त्याच्याशी बोलणार आहे.