क्लँडन पार्क: पुन्हा उभारावा की जळका तसाच ठेवावा?

गवाक्ष:
इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला क्लँडन पार्क हा वाडा १७३०च्या दशकात व्हेनिसच्या जाकोमो लिओनी या वास्तुविशारदाने ऑन्स्लो घराण्यासाठी बांधला. बाहेरून लाल विटांचा, जरा रुक्षच. आत मात्र दोन मजली उंचीचं पांढरंशुभ्र संगमरवरी दालन आणि छतावर गिलाव्यात घडवलेल्या मूर्ती. २९ एप्रिल २०१५ला तळघरातल्या विजेच्या बोर्डातून आग लागली, छप्पर कोसळलं, बहुतेक ठिकाणी भिंती तेवढ्या उरल्या. वाडा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने आधी मुख्य दालनं पूर्ववत करायचं ठरवलं होतं. २०२२मध्ये बेत बदलला. आता नवं छप्पर घालून आतल्या भिंती उघड्याच ठेवायच्या म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. ससेक्समधलं अपपार्क हे जुनं घर १९८९मध्ये असंच जळलं होतं, ते १९९५मध्ये पुन्हा खुलं झालं. हाताने चुन्याचं नक्षीकाम करण्याची कला त्या कामामुळेच नव्याने शिकली गेली. क्लँडनलाही ते होऊ शकतं.

चुनेगच्ची:
अपपार्कचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथलं खालच्या मजल्यांवरचं बरंचसं सामान लोकांनी बाहेर काढलं होतं, त्यामुळे खोल्या पुन्हा भरता आल्या. क्लँडनचा बहुतेक संग्रह जळाला. नवं छत करालही, पण त्यावर आर्तारी आणि बागुत्ती या मूळ गिलावा कारागिरांचा हात फिरलेला नसेल. उलट गिलावा गळून पडल्यामुळे आज विटांची बांधणी, भिंतीत दडवलेली धुराडी, चिणलेली लाकडं उघडी पडली आहेत. अठराव्या शतकातलं घर कसं रचत, हे इतकं स्पष्ट कुठे दिसणार?

रावी:
विटा गवंड्याला दिसतील हो, पण लिओनीने त्या झाकण्यासाठीच रचल्या होत्या! त्याची वास्तुकला म्हणजे त्या दालनाची प्रमाणं, खांबांवरून वर चढत जाणारी नजर, वरून झिरपणारा उजेड. शिल्पकार रिसब्राखने घडवलेल्या संगमरवरी शेकोट्या आगीतूनही बऱ्याच अंशी वाचल्या आहेत. त्या उघड्या विटांमध्ये पोरक्या दिसतात.

चुनेगच्ची:
रावी, शेकोट्यांचं मान्य. तरीही अख्खं दालन नव्याने घडवून त्याला लिओनीचं म्हणणं मला जमणार नाही.

गवाक्ष:
मग निदान तेवढं एक दालन तरी करा, 'हे नवं आहे' अशी पाटी लावून. आगीतून जवळजवळ जशीच्या तशी बचावलेली स्पीकर्स पार्लर ही खोली तळमजल्यावर आहेच. तिच्यातून बाहेर पडल्यावर माणसाला घराचा थाट कळायला हवा. पडक्या भिंतींवरून तो कोणालाही कळणार नाही.